पीआय पॉलिसी रिन्यू करताना ग्राहक कायद्यातले बदल कसे तपासायचे

पीआय म्हणजे प्रोफेशनल इन्डेम्निटी, आपल्या कामातल्या चुकीबद्दल क्लायंटने भरपाई मागितली तर कामाला येणारी पॉलिसी. तिचं रिन्यूअल आमच्याकडे एप्रिलमध्ये येतं. मार्चएंडची धावपळ नुकतीच संपलेली असते, अकाउंट्सचे काका बॅलन्सशीटमध्ये अडकलेले, सर बाहेरगावी, मग कोणीतरी गेल्या वर्षीचा प्रपोजल फॉर्म काढतं, टर्नओव्हरचा आकडा बदलतं, तारीख बदलतं, सही घेतं आणि पाठवून देतं. बरीच वर्षं ते कोणीतरी म्हणजे मीच. पुण्यातली छोटी इन्शुरन्सची डायरेक्ट ब्रोकिंग फर्म आहे आमची, पंधरा माणसं, कम्प्लायन्सही मीच बघते आणि ऑपरेशन्सही, त्यामुळे ज्या कागदाला कोणी वाली नाही तो माझ्या टेबलावर.

२०२२ ची गोष्ट. आमचे एक जुने क्लायंट, रिटायर झालेले गृहस्थ, मुलाकडे इंदूरला राहायला गेले. त्यांचा हेल्थचा क्लेम कंपनीने नाकारला, कारण फॉर्ममध्ये बीपीचा उल्लेख नव्हता. जानेवारीत त्यांचा मेल आला की बीपीची गोळी चालू आहे हे मी तुमच्या मुलाला तोंडी सांगितलं होतं, त्यानेच लिहिलं नाही. आम्ही तो मेल इमानदारीत इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम्स डिपार्टमेंटला फॉरवर्ड केला आणि विसरलो. एप्रिलमध्ये पीआय रिन्यू केली, त्यात एक प्रश्न असतो, 'भविष्यात क्लेम होऊ शकेल अशी कुठली परिस्थिती तुम्हाला माहीत आहे का', त्यावर मी दरवर्षीसारखं 'नाही' टिक केलं. ऑगस्टमध्ये इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस आली, इन्शुरन्स कंपनी पहिली विरुद्ध पक्ष आणि आम्ही दुसरे.

मग पीआय कंपनीने विचारलं, जानेवारीचा हा मेल काय आहे?

आठ महिने पत्रव्यवहार चालला, शेवटी वकिलाच्या खर्चातला काही भाग मिळाला, बाकी खिशातून. तेव्हा पहिल्यांदा मी पॉलिसीचं वर्डिंग शेवटपर्यंत वाचलं आणि लक्षात आलं की ग्राहक कायदा २०२० मध्ये बदलून बसलाय आणि आमची पॉलिसी अजून जुन्याच जगात आहे. तक्रार कुठून येणार, कुठे चालणार, किती दिवसांत उत्तर द्यायचं, अपिलाला किती पैसे भरायचे, हे सगळं बदललं होतं. पॉलिसीत यातला एक शब्द हलला नव्हता, आणि तो आपोआप हलतही नाही, रिन्यूअलला आपणच हलवायला लागतो.

तेव्हापासून मी जे करते ते इथे लिहितेय. इन्शुरन्स ब्रोकरना पीआय सक्तीचीच आहे. सेबीने म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्यूटरवर ती सक्ती केलेली नाही, तरी शहाणे लोक घेतातच. इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझर, लोनचं काम करणारे डीएसए, आर्थिक सल्ला देणारे सीए, सगळ्यांना यातलं थोडंफार लागू पडेल.

आधी वर्डिंग मागा

शेड्यूल म्हणजे ती दोन-तीन पानं, नाव, पत्ता, लिमिट, डिडक्टिबल (प्रत्येक क्लेमला आधी आपण सोसायचा हिस्सा), प्रीमियम. आपण फाइलला तेवढंच लावतो. खरा माल वर्डिंगमध्ये असतो, ते पंचवीस-तीस पानांचं वेगळं पीडीएफ असतं आणि कित्येकांकडे ते नसतंच. पीआय देणाऱ्या कंपनीला मेल टाका की शेड्यूल, वर्डिंग आणि सगळी एंडोर्समेंट्स (पॉलिसीला जोडलेले बदल) एकत्र पाठवा. मग एक साधी एक्सेल शीट उघडा, डाव्या बाजूला गेल्या काही वर्षांत बदललेला नियम, उजव्या बाजूला त्यासाठी वर्डिंगमध्ये असलेलं वाक्य, जसंच्या तसं. उजवीकडची जागा रिकामी राहिली की तो प्रश्न कंपनीला विचारायचा. बस, एवढीच पद्धत आहे, बाकी सगळं या शीटच्या ओळी.

पहिली ओळ: केस कुठे चालणार

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. १९८६ च्या कायद्यात तक्रार साधारणपणे सामनेवाल्याच्या गावात किंवा जिथे प्रकार घडला तिथे करावी लागायची. आता ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथेही करता येते. म्हणजे पुण्यात विकलेल्या पॉलिसीची केस इंदूर, बेळगाव, बडोदा, मुलगा-मुलगी जिथे असेल तिथे. आपल्याकडच्या रिटायर लोकांचं मुलांकडे जाणं बघता हे काही अपवादाचं राहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे कुठल्या पायरीवर केस लागणार ते. पूर्वी सेवेची किंमत आणि मागितलेली भरपाई मिळून आकडा धरायचे, जिल्ह्याला २० लाखांची मर्यादा होती, त्यामुळे मोठी भरपाई मागितली की केस राज्य आयोगाकडे, म्हणजे मुंबईला. आता ग्राहकाने प्रत्यक्ष मोजलेली रक्कम बघतात. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य, वर राष्ट्रीय. इन्शुरन्समध्ये मोजलेली रक्कम म्हणजे प्रीमियम, आणि २५ हजार प्रीमियम भरणाऱ्याने ६० लाखांची भरपाई मागितली तरी केस जिल्ह्यातच. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही पद्धत वैध धरली, त्यामुळे ती बदलेल या भरवशावर बसू नका. वर ५ लाखांपर्यंतच्या रकमेला तक्रारीची फी शून्य, आणि ऑनलाइन दाखल करायची सोय आहेच, आता ई-जागृती पोर्टलवर. क्लायंटला केस टाकायला काहीच लागत नाही, ही गोष्ट चांगलीच आहे, मी पण कुठेतरी ग्राहक आहेच की. पण फर्मच्या बाजूने बघितलं तर लहान लहान केसेस लांबलांबच्या जिल्ह्यांत, असं चित्र होतं.

याचा पॉलिसीवर परिणाम कुठे होतो तर डिफेन्स कॉस्टवर. तीन गोष्टी बघा. वकिलाचा खर्च लिमिटच्या आतून जातो की वेगळा मिळतो. डिडक्टिबल वकिलाच्या खर्चालाही लागतं का, कारण ३ लाख डिडक्टिबल असेल आणि इंदूरच्या केसचा सगळा खर्च दीड लाख असेल तर ती पॉलिसी त्या केससाठी असून नसल्यासारखी. आणि वकील कोण ठरवणार, कंपनीच्या पॅनलवरचाच लागतो का, त्या पॅनलवर मुंबई-दिल्लीबाहेर कोणी आहे का.

ब्रोकरसाठी एक जादा माहिती. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१८ च्या ब्रोकर रेग्युलेशन्समध्ये प्रत्येक क्लेमला आपण स्वतः सोसायचा हिस्सा धंद्यात लावलेल्या भांडवलाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असं आहे. प्रीमियम कमी करायला कोणी डिडक्टिबल वाढवून देत असेल तर आधी हा हिशोब करा, प्रीमियम वाचवायच्या नादात रेग्युलेशन मोडून बसाल.

'क्लेम' म्हणजे नक्की काय

शीटमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. बऱ्याच वर्डिंगमध्ये क्लेमची व्याख्या अशी असते की भरपाईची लेखी मागणी, किंवा दिवाणी दावा, किंवा लवाद. एवढंच. आता क्लायंटची नाराजी आपल्यापर्यंत कुठल्या कुठल्या वाटांनी येते ते मोजा. साधा मेल, व्हॉट्सअॅप, आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल, इन्शुरन्स ओम्बड्समन (तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी), सेबीचं तक्रार पोर्टल स्कोअर्स, ऑनलाइन तडजोड-लवादाचं स्मार्ट ओडीआर, एनबीएफसीशी (बिगर-बँक वित्त कंपनीशी) संबंधित काम असेल तर आरबीआयचा ओम्बड्समन, ग्राहक आयोग, आयोगाने मेडिएशनला पाठवलं तर ते, शिवाय २०२० मध्ये आलेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण.

यातल्या किती वाटा तुमच्या व्याख्येत बसतात?

इन्शुरन्स ओम्बड्समनचंच घ्या. २०१७ च्या नियमांत मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ब्रोकरच्या सेवेतली त्रुटीसुद्धा ओम्बड्समनच्या कक्षेत आली, त्याआधी आम्ही निवांत होतो, भांडण कंपनी आणि ग्राहकाचं असायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओम्बड्समन देऊ शकेल त्या रकमेची मर्यादा ३० लाखांवरून ५० लाख झाली. म्हणजे पुण्याच्या ओम्बड्समन ऑफिसात, वकील न लावता, एका सुनावणीत सुद्धा ५० लाखांपर्यंतचा विषय निघू शकतो. आणि पीआय कंपनी म्हणू शकते की हा काही कोर्टाचा निकाल नाही, तुमची कायदेशीर जबाबदारी सिद्ध झालेली नाही. वाद घालता येतो यावर, पण वाद कशाला घालायचा, आधीच एंडोर्समेंट घ्यायची. मी जी मागते तिचा मतलब साध्या भाषेत असा: कुठल्याही कायद्याखाली किंवा नियामकाच्या योजनेखाली नेमलेला ग्राहक आयोग, ओम्बड्समन, मेडिएटर किंवा लवाद यांच्यासमोरची लेखी तक्रार म्हणजे क्लेम, आणि त्यांचा बंधनकारक निर्णय म्हणजे कायदेशीर जबाबदारी. इंग्रजी ड्राफ्ट कंपनीच करून देते, पहिल्या वर्षी कुरकुर करतात, दुसऱ्या वर्षी काही बोलत नाहीत.

कळवायचं कधी

पीआय ही क्लेम्स-मेड पॉलिसी असते. चूक कधी झाली यापेक्षा तुमच्यावर क्लेम कधी आला आणि तुम्ही कधी कळवलं याला महत्त्व. गाडीच्या इन्शुरन्सची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. म्हणून बहुतेक वर्डिंगमध्ये 'सरकमस्टन्स' कळवायची सोय असते, म्हणजे अजून क्लेम आला नाही पण येईल असं दिसतंय, ते पॉलिसी चालू असताना कळवून ठेवलं की पुढे कधीही क्लेम आला तरी त्याच वर्षात धरतात. माझं जे हुकलं ते हेच. जानेवारीत तो मेल चार ओळींच्या पत्राबरोबर पीआय कंपनीला पाठवला असता तर विषय तिथेच संपला असता.

आता आम्ही असं करतो. ऑफिसात एकच कम्प्लेंट रजिस्टर, शेअर्ड शीट. मेल, फोन, व्हॉट्सअॅप, पोर्टल, कुठूनही आलेलं असो, ज्या दिवशी आलं त्या दिवशी नोंद. एक कॉलम फक्त एवढाच, 'यात आपल्या माणसाची चूक आहे असं क्लायंट म्हणतोय का'. हो असेल तर सात दिवसांच्या आत पीआय कंपनीला कळवायचं, आपल्याला ती चूक वाटो न वाटो. सरांची पहिली प्रतिक्रिया होती की एवढं कळवत राहिलो तर प्रीमियम वाढवतील. वाढवतील थोडा कदाचित. माझं मत विचाराल तर न कळवलेल्या एका केसने होणारं नुकसान बघता हा सौदा स्वस्त आहे, पण हे मत एकदा पोळल्यानंतरचं आहे हेही खरं. आणि रिन्यूअलच्या एक महिना आधी ते रजिस्टर पूर्ण वाचायचं, सेल्सच्या पोरांना समोर बसवून विचारायचं की कोणाचा क्लायंट चिडलाय का. रजिस्टरमध्ये नसलेल्या दोन गोष्टी तरी तेव्हा बाहेर येतात. नेमाने.

पंचेचाळीस दिवस

ग्राहक आयोगाची नोटीस तक्रारीच्या कॉपीसकट मिळाली की लेखी उत्तर ३० दिवसांत, आयोगाने मुदत वाढवून दिली तर आणखी १५. त्यापुढे नाही. न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ४ मार्च २०२० ला हे पक्कं केलं. पूर्वी 'पुढची तारीख द्या' चालून जायचं, आता उत्तर गेलं नाही तर आपली बाजू मांडायची संधीच गेली असं समजा.

आणि पीआयमध्ये अट असते की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय वकील नेमायचा नाही, खर्च करायचा नाही, चूक कबूल करायची नाही. कंपनीचं क्लेम्स डिपार्टमेंट कागद मागतं, मग सर्व्हेयर किंवा त्यांचे वकील बघतात, मग परवानगी, यात महिना सहज जातो. त्यामुळे वर्डिंगमध्ये किंवा मेलवर एक गोष्ट आधीच लिहून घ्या, ती म्हणजे सात किंवा दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर ठरलेल्या रकमेपर्यंत आम्ही आमचा वकील नेमू आणि तो खर्च मान्य धरला जाईल. मराठीत सांगायचं तर आधी आग विझवू, पंचनामा नंतर.

हाच प्रश्न सेबीवाल्यांना स्कोअर्सवर येतो. एप्रिल २०२४ पासून नवीन स्कोअर्स सुरू झालंय, तक्रारीवर काय कारवाई केली ते २१ दिवसांत टाकावं लागतं. आपला बॅक ऑफिसचा मुलगा चांगल्या मनाने लिहितो, 'झालेल्या चुकीबद्दल क्षमस्व, आम्ही नुकसान भरून देऊ'. झालं, पीआयची अट मोडली. माणूस म्हणून माफी मागणं योग्यच, पण जबाबदारी घेणारं वाक्य कंपनीला दाखवल्याशिवाय जाऊ देऊ नका. आम्ही तीन-चार नमुना उत्तरं पीआय कंपनीकडून आधीच बघून घेतली आहेत, गैरसोयीबद्दल दिलगिरी आहे, चौकशी चालू आहे, अमुक कागद पाठवत आहोत, अशा धाटणीची.

निकालाची रक्कम फोडून बघा

समजा आयोगाने निकाल दिला: प्रीमियमचे १,८०,००० परत करा, नुकसानभरपाई ४,००,०००, मानसिक त्रासाचे ५०,०००, केसचा खर्च १५,०००, आणि वागणूक फारच वाईट वाटली म्हणून दंडात्मक भरपाई १,००,०००. एकूण ७,४५,०००. क्लायंटला एकच आकडा दिसतो. पीआय कंपनीला पाच वेगवेगळे दिसतात.

नुकसानभरपाई आणि केसचा खर्च सहसा मिळतो. प्रीमियम किंवा फी परत करणं हे बहुतेक वर्डिंगमध्ये वगळलेलं असतं, कारण तो तोटा नाही, घेतलेले पैसे परत देणं आहे असं त्यांचं म्हणणं. मानसिक त्रासाची रक्कम 'आर्थिक नुकसान' या शब्दात बसत नाही म्हणून अडकू शकते. दंडात्मक भरपाई तर वगळलेली असतेच, आणि ती द्यायचा अधिकार २०१९ च्या कायद्याने आयोगांना दिलेला आहे. आरबीआयच्या २०२१ च्या एकत्रित ओम्बड्समन योजनेतही २० लाखांपर्यंतच्या नुकसानभरपाईखेरीज वेळ, खर्च आणि मनस्ताप यांसाठी १ लाखापर्यंत वेगळी रक्कम ठेवली होती. ग्राहकाला मनस्तापाचे पैसे मिळतात हे आता सगळीकडे रुळलंय. म्हणून 'लॉस'च्या व्याख्येत मानसिक त्रासाची भरपाई घालून घ्या, ही मागणी कंपन्या बऱ्यापैकी मान्य करतात. दंडात्मकचं मात्र विसरा.

नियामकाचा दंड पीआयमध्ये येत नाही हे वेगळं सांगायला नको. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, तो स्वतःच्या खिशातूनच. पण चौकशीला हजर राहायचा, उत्तर द्यायचा वकिलाचा खर्च 'रेग्युलेटरी इन्व्हेस्टिगेशन कॉस्ट' नावाच्या एक्स्टेन्शनमध्ये मिळतो, त्याची सबलिमिट (तेवढ्यापुरती वेगळी मर्यादा) बघा, कधी कधी इतकी किरकोळ असते की हसू येतं.

डेटाचंही तसंच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमही आले. तो दंड सरकारजमा होतो, क्लायंटला जात नाही. क्लायंटचं आधार-पॅन आपल्या ऑफिसातून फुटलं तर कागदपत्रांच्या नुकसानीचं जुनं कलम कामाला येईल अशा समजुतीत राहू नका, त्यात बहुतेक फाइल हरवली-जळली एवढाच विचार आहे. सायबर वेगळी घ्यावी लागते.

अपिलाचे पैसे

हे कोणी सांगत नाही म्हणून मी जरा जास्त लिहिते. जुन्या कायद्यात जिल्ह्याच्या निकालावर राज्य आयोगाकडे अपील करायचं तर निकालाच्या रकमेच्या निम्मे किंवा २५ हजार, यातलं जे कमी ते भरायचं होतं. म्हणजे निकाल १२ लाखांचा असो की १८ लाखांचा, भरायचे २५ हजारच. त्यामुळे फर्म डोळे मिटून अपील करायच्या. नवीन कायद्यात 'जे कमी' काढून टाकलं. आता सरळ ५० टक्के. १२ लाखांच्या निकालाला ६ लाख रोख भरा, मग अपील ऐकतात, आणि हे ४५ दिवसांत.

आता प्रश्न असा की हे ६ लाख कोण भरणार. पीआय कंपनी म्हणते अंतिम निकाल लागल्यावर भरपाई देऊ. डिफेन्स कॉस्टच्या व्याख्येत वकिलाची फी, कोर्टाचा खर्च असतो, अपिलाची अनामत नसते. छोट्या फर्मकडे ६ लाख पडून असतातच असं नाही, मग अपील न करता निकाल मान्य करावा लागतो, आणि तसं परस्पर केलं तर कंपनी म्हणणार आमच्या संमतीशिवाय का मान्य केलंत. ही कोंडी मी एका ओळखीच्या फर्मची बघितली आहे. त्यामुळे रिन्यूअलच्या वेळी लेखी विचारा की अपिलाची अनामत तुम्ही भरणार का, आगाऊ देणार का, आणि अपील करायचं की नाही यावर मतभेद झाला तर काय. काही वर्डिंगमध्ये असं कलम असतं की कंपनी तडजोड करायला तयार असताना तुम्ही नाही म्हणालात तर तडजोडीच्या आकड्यापुढची जबाबदारी तुमची. ते कलम शोधा, वाचा, जमल्यास त्या जबाबदारीतला आपला वाटा कमी करून घ्या.

लिमिट किती

ब्रोकरना लिमिट उत्पन्नाच्या पटीत आणि किमान रकमेच्या हिशोबाने रेग्युलेशननेच ठरवून दिलंय, तो आकडा पाळायचाच. पण तो तळ आहे. बाकीचे लोक अंदाजपंचे १ कोटी लिहितात. मी असा विचार करते: आपल्या सगळ्यात मोठ्या क्लायंटचा एक सल्ला चुकला तर किती, आणि आपल्या एकाच टेम्प्लेटमध्ये चूक असेल तर किती जणांना लागेल. दुसरा प्रश्न जास्त घातक, कारण एकाच चुकीतून आलेले सगळे क्लेम्स वर्डिंगमध्ये बहुधा एकच क्लेम धरतात. डिडक्टिबल एकदाच लागतं हा फायदा, पण लिमिटही एकच. शेड्यूलवर एका क्लेमचं आणि वर्षाचं लिमिट किती प्रमाणात आहे तेही बघा, वर्षाला १ कोटी असून एका घटनेला २५ लाखच असं असू शकतं.

हे टेम्प्लेटचं प्रकरण ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी विशेष मनावर घ्यावं. ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये १३ प्रकार दिलेत, त्यात ग्राहकाला न विचारता बास्केटमध्ये काहीतरी सरकवणं आहे. तुमच्या वेबसाइटवर आधीच टिक केलेली रायडरची (जादा कव्हरची) चौकट असेल तर ती एकाच वेळी हजार जणांची तक्रार आहे, आणि मुद्दाम केलं म्हणून पीआय कंपनी हात वर करेल.

सेबीकडच्या इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझरनी एक गल्लत टाळावी. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर नेटवर्थची अट जाऊन डिपॉझिट आलं, १५० क्लायंटपर्यंत १ लाख, ३०० पर्यंत २ लाख, १००० पर्यंत ५ लाख, त्यावर १० लाख. लवादाचा निर्णय आपण पाळला नाही तर त्यातून वसुली होते. हे म्हणजे इन्शुरन्स नव्हे, ते आपलेच पैसे आहेत, त्यामुळे डिपॉझिट ठेवलंय म्हणून पीआय नको हा युक्तिवाद माझ्या गळी उतरत नाही. उलट स्मार्ट ओडीआरमधल्या लवादाचा निर्णय आपल्या पीआयमध्ये बसतो का ते बघा.

नियम बदलला की इन्शुरन्स कंपन्या कशा वागतात याचं ब्रिटनमधलं उदाहरण बघण्यासारखं आहे, आणि त्याला टाटा स्टीलचा धागा आहे. तिथल्या ब्रिटिश स्टील पेन्शन स्कीमची २०१७ मध्ये पुनर्रचना झाली तेव्हा जवळपास ८,००० कामगारांनी सल्लागारांच्या सांगण्यावरून खात्रीची पेन्शन सोडून पैसे बाहेर काढले. नियामकाला पुढे ४६ टक्के सल्ले अयोग्य आढळले. त्याच सुमारास, १ एप्रिल २०१९ पासून, तिथल्या फायनान्शियल ओम्बड्समनची मर्यादा दीड लाख पौंडांवरून साडेतीन लाख पौंड झाली. सल्लागारांच्या पीआयचे प्रीमियम चढले, पेन्शन ट्रान्सफरचं काम कित्येक पॉलिसींतून वगळलं गेलं, आणि कव्हर मिळेना म्हणून अनेकांनी ते काम सोडलं. आपल्याकडे ओम्बड्समनचा आकडा ३० चा ५० झालाय. म्हणून रिन्यूअलच्या कोटमध्ये आधी प्रीमियम बघू नका, या वर्षी नवीन एक्सक्लूजन कुठलं आलंय ते बघा, कोट स्वस्त असेल तर दोनदा बघा.

प्रपोजल फॉर्म आणि कंपनी बदलताना

फॉर्ममध्ये विचारतात की क्लायंटशी केलेल्या करारात जबाबदारीची मर्यादा घातली आहे का. बरेच जण कौतुकाने 'हो' लिहितात, फीच्या रकमेपुरतीच आमची जबाबदारी वगैरे. २०१९ च्या कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आली आहे आणि एकतर्फी अट राज्य आयोग रद्द करू शकतो. त्या कलमाच्या जिवावर लिमिट कमी घेऊ नका. बाकी फॉर्म भरताना नवीन सेवा सुरू केली असेल तर लिहा, विमा ब्रोकिंगची पॉलिसी आहे आणि पोरं पार्टनरच्या नावाने लोनची फाइल करतायत असं असेल तर ते काम 'प्रोफेशनल सर्व्हिसेस'च्या व्याख्येत नाही. फ्री-लूक (घेतलेली पॉलिसी परत करायची मुदत) आता ३० दिवसांचा झालाय, तर पॉलिसी क्लायंटच्या हातात कधी पडली याचा पुरावा ठेवता का हेही कोणी चांगला अंडररायटर विचारतो, ठेवत असाल तर न विचारता सांगा, प्रीमियमवर बोलायला उपयोगी पडतं.

कंपनी बदलायची तर रेट्रो डेटवर नजर ठेवा. नवीन कंपनी आजची रेट्रो डेट देते आणि प्रीमियम निम्मा सांगते, म्हणजे आजच्या आधीच्या एकाही चुकीला कव्हर नाही. ब्रोकर रेग्युलेशनमध्ये तर स्पष्ट आहे की मूळ घटना कधीचीही असो, पॉलिसीच्या काळात आलेले सगळे क्लेम्स धरले गेले पाहिजेत, म्हणजे मर्यादित रेट्रो डेटची पॉलिसी ब्रोकरने घेणंच बरोबर नाही. ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, पण इन्शुरन्समध्ये ते कारण विक्रीच्या दिवशी न घडता क्लेम नाकारला त्या दिवशी घडतं. २०१५ मध्ये विकलेली पॉलिसी २०२६ मध्ये नाकारली गेली तर घड्याळ २०२६ ला सुरू.

धंदा बंद करणाऱ्यांचंही त्यामुळेच अडतं. आमच्या ओळखीचे एक ब्रोकर काका लायसन सरेंडर करून कोकणात गावी राहायला गेले, पीआय अर्थातच पुढे चालू ठेवली नाही. बंद करताना कंपनीकडून रन-ऑफ कव्हर (धंदा बंद झाल्यावर येणाऱ्या क्लेम्ससाठीचं) मागायचं असतं, एकरकमी प्रीमियम भरून पुढच्या काही वर्षांसाठी, आणि ते पॉलिसी संपायच्या आधीच मागावं लागतं. मी त्यांना फोन करून सांगितलं तेव्हा पॉलिसीचे अकरा दिवस उरले होते, त्यांनी वर्डिंग शोधलं तर सापडलंच नाही, शेड्यूलची दोन पानं तेवढी होती.